केविनचे दात आणि रोसाची चूल

माझ्या भाच्याचे पुढचे चार दात मी स्वतःच्या हाताने चुलीत घातले. लग्नाच्या आदल्या दिवशी.

भाचा म्हणजे केविन. माझी बहीण लग्न होऊन कॅनडाला गेली, हा तिथेच जन्मला आणि तिथल्या गोठलेल्या तळ्यावर हॉकी खेळायला शिकला. पुढे तो पगारी खेळाडू झाला. फॉरवर्ड. म्हणजे सगळ्यात पुढे घुसून गोल करायचा आणि त्याबद्दल सगळ्यात आधी मार खायचा. पहाटे उठून मोबाईलवर मी त्याचे सामने बघायचो. ती काळी रबराची चकती मला एकदाही दिसली नाही. पण चार जण एकमेकांवर पडले की खालचा आपला, एवढं ओळखू यायचं. आमच्या कट्टा गावच्या बाजारात मी त्याची इतकी फुशारकी मारली, की मासेवाली मला सुरमई देताना वर बर्फ जास्त घालायची.

गुडघे गेले तेव्हा केविन निवृत्त झाला, चौतिसाव्या वर्षी. आजोळी राहायला आला आणि बांद्याच्या रोझलिनच्या प्रेमात पडला. बोलणी मी केली. घोळ इथूनच सुरू झाला.

रोझलिनची आई फिलोमिनाबाई. शाळेच्या हेडमास्तरीण म्हणून अठ्ठावन्नाव्या वर्षी रीतसर निवृत्त झालेल्या. पहिल्याच भेटीत त्यांनी चष्मा वर केला.

"चौतीस वर्षांचो माणूस निवृत्त कसो होता?"

मी म्हटलं, बाई, तो बर्फावर हॉकी खेळायचा.

"बर्फात आमी सुरमय ठेवतो," त्या म्हणाल्या आणि चष्मा खाली घेऊन माझ्याकडे बघू लागल्या. त्यांचं बघणं फार वाईट. अशा वेळी मला आपलं उत्तर चुकलं की काय असंच वाटत राहतं.

त्यात केविनचे पुढचे चार दात खोटे. खऱ्यांचा पहिल्याच वर्षी चकतीने निकाल लावलेला. हे रोझलिनला माहीत होतं. आईबद्दल तिने मला बजावलं होतं, "मामा, आवयक तुमीच सांगा. ती नको म्हणाली तर मी तिच्या विरोधात जाऊचंय नाय." मी छाती पुढे काढून हो म्हटलं आणि दर भेटीत हवापाण्याबद्दल बोलून परत आलो. (एकदा तर "मुलगा धडधाकट आहे, अगदी दातसुद्धा" असंही बोलून गेलो. कोणी विचारलं नव्हतं!)

तर रोसाचा दिवस. आम्हा ख्रिस्ती लोकांत लग्नाच्या आदल्या दिवशी नवऱ्याला पाटावर बसवून नारळाचं दूध आणि तेल चोळतात, मग कढत पाण्याने न्हाऊ घालतात. दुपारी दारापुढच्या खळ्यात मांडव भरला. माझी बायको सिसिलिया आणि तिच्या बहिणी दुधाची भांडी घेऊन केविनकडे निघाल्या. समोरून चालून येणाऱ्या त्या फळीकडे बघून केविनला जुनी सवय आठवली असावी. त्याने तोंडातून दातांची कवळी काढली आणि माझ्या हातात ठेवली.

"मामा, हे धर. खेळाच्या आधी मी नेहमी काढून ठेवतंय."

आता ही वस्तू ठेवायची कुठे? खिशात ठेवावी तर मी लुंगीवर. शेजारी खोवलेल्या नारळांच्या करवंट्या पडल्या होत्या. एका करवंटीत कवळी ठेवली, वर दुसरी पालथी घातली. अगदी डबी तयार झाली. माझं मलाच कौतुक वाटलं.

एवढ्यात सिसिलियाने सांगितलं की न्हाणीच्या पाण्याची चूल विझत आलीय. सरपण बघणं हे घरच्या यजमानाचं काम. मी सगळ्या करवंट्या पाटीत भरल्या आणि एकेक करून चुलीत सारल्या. करवंटी छान पेटते. पाण्याला वाफ आली तेव्हा केविन नारळाच्या दुधात निथळत माझ्याकडे आला आणि त्याने हात पुढे केला.

मी त्या हाताकडे बघितलं. मग चुलीकडे बघितलं.

पुढे जे केलं ते कुठल्याही शहाण्या माणसाने केलं नसतं. न्हाणीचं सगळं कढत पाणी मी चुलीवर ओतलं. खळं धुराने भरलं, बायका खोकत मांडवाबाहेर धावल्या, नवऱ्याच्या अंगावर दूध वाळू लागलं आणि त्याला मुंग्या लागल्या. मी काठीने राख उपसत होतो. सिसिलिया विचारत होती की काय हरवलंय, आणि मला ते तोंडातून काढवत नव्हतं.

आणि फाटकाशी रिक्षा थांबली. हातात दोदोलच्या मिठाईची ताटं घेऊन फिलोमिनाबाई उतरल्या.

त्यांना ओटीवरच थांबवावं म्हणून मी धावलो. सांडलेल्या नारळाच्या दुधावर पाय पडला. पुढचं मला आठवत नाही. एवढंच आठवतं की चिऱ्याची पायरी वेगाने माझ्या तोंडाकडे आली.

डोळे उघडले तेव्हा सिसिलिया पायरीखालून काहीतरी उचलत होती. काय हरवलंय ते एव्हाना केविनने तिला सांगितलं असावं.

"मेळलो! दात मेळलो!" मग तिने तो उन्हात धरला. "पण हो एकच आसा. आणि हेच्यार चायचो डाग आसा."

मी जीभ फिरवून बघितली. पुढे खिंडार होतं.

"कोणाचे दात शोधतास?" फिलोमिनाबाईंनी विचारलं.

लग्न मोडलं, असं मी धरूनच चाललो. आता रोझलिनला काय तोंड दाखवू? (दाखवण्यासारखं तोंडही उरलं नव्हतं.) तेवढ्यात केविन, मुंग्या झटकत, लंगडत पुढे आला आणि सरळ त्यांच्यासमोर तोंड उघडून उभा राहिला.

"आई, माझे. पयल्याच वर्षी गेले. मगे खांदो मोडलो. गुडघ्यात लोखंड आसा. डॉक्टर बोललो, आता पुरे."

फिलोमिनाबाईंनी ताटं खाली ठेवली. चष्मा वर केला. त्याच्या तोंडात डोकावल्या, मग गुडघ्यावरचा लांब व्रण वहीतला निबंध तपासावा तसा तपासला.

"म्हणजे तुका कामावरसून कोणी काढूक नाय?"

"नाय, आई. झिजलंय."

"बरा झाला," त्या म्हणाल्या आणि ओटीवर बसल्या. "इतके महिने माका झोप नाय. माका वाटला, काय तरी भानगड केल्यान म्हणून ह्येका घराक धाडल्यानी. दात जायपर्यंत काम केलेलो माणूस माका चलता."

मला रडू आलं. सिसिलियाला वाटलं, ओठ दुखतोय म्हणून.

लग्न दुसऱ्या दिवशी वेळेवर झालं. चुलीत कवळीची नुसती गुलाबी गोळी सापडली, त्यामुळे केविन खिंडारासकट वेदीपुढे उभा राहिला आणि मोकळेपणाने हसला. फोटोग्राफरने मला मात्र तोंड मिटायला सांगितलं. बरोबरच होतं. दात घालवायला केविनला परदेशातला बर्फ, भर गर्दीचं मैदान आणि अंगावर येणारे पाच धिप्पाड गडी लागले. मी तेच काम घरच्या खळ्यात, लुंगीवर, कोणाचीही मदत न घेता केलं.