नववी ‘ब’ची बाकं

इथले भुताखेतांचे अनुभव मी मोबाईलवर नेहमी वाचतो. खरं सांगायचं तर वाचून हसायचो. गावाकडे मसणवाटेच्या कडेनंच आमच्या शेतात जायला लागायचं, पण मला कधी काही दिसलं नाही आणि दिसेल असं वाटलंही नाही. आज मात्र स्वतःच लिहायला बसलोय... शिक्षण सातवी, तेव्हा चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

सुरतेत प्लेग आला, त्यानंतरचा पहिला उन्हाळा, म्हणजे पंच्याण्णव साल. मी पारोळ्याकडचा, सुरतेत गोडादऱ्याला खोली. आधी पॉवरलूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात होतो. तिथल्या धुळीनं छाती धरली, तेव्हा एका कॉन्व्हेंट हायस्कूलच्या सिस्टरनी मला शिपाई म्हणून ठेवून घेतलं. सिस्टर वसईच्या, माझ्याशी मराठीत बोलायच्या. त्यांचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण भीती कायम — आपल्या हातून काही चुकलं, काढून टाकलं, तर कोणत्या तोंडानं गावाला जायचं?

लूमची एक गोष्ट आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. खात्यात आवाज एवढा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. पण कुणाची बाही पट्ट्यात गेली, नाहीतर धोटा सुटून उडाला, की एकच आरोळी — “मेन पाड!” मेन स्विचजवळ जो असेल तो ‘का’ म्हणून विचारत नाही, दांडा खाली ओढतो. ती सवय हाडात बसते.

त्या दिवशी वार्षिक निकाल होता. आईबाप खाली हॉलमध्ये, माईक चालू. वर नववी ‘ब’मध्ये रंगकाम निघालं होतं, म्हणून सगळी बाकं एका भिंतीला एकावर एक रचून ठेवलेली. आमच्याच गल्लीतले देवाभाऊ, लूमचे जुने कारागीर, त्यांची मनीषा त्याच वर्गात. त्यांनी पोरीला दम भरलेला, “नापास झालीस तर घरी साड्यांना टिकल्या लावायला बसवीन!” नाव पुकारलं तर पोरगी हॉलमध्ये नाहीच.

“सुका, मनी पोर कोठे शे रे?” देवाभाऊंनी मला आमच्या अहिराणीत विचारलं.

“दखी येस भाऊ, तुम्ही बसा.”

जिना चढतानाच वरून दणका ऐकू आला. मग दुसरा. वाटलं, पोरं सुट्टीच्या नादात मस्ती करताहेत. दार ढकललं.

आत पोरं नव्हती. कुणीच नव्हतं.

एक बाक कमरेएवढं उचललं गेलं आणि धोबी कपडे आपटतो तसं भिंतीवर आपटलं. परत उचललं, परत आपटलं. फळा मधोमध फुटला. ढलप्या उडत होत्या. मनीषा बाईंच्या टेबलाखाली, कानांवर हात घेऊन किंचाळत होती, “काका, माले काढा! काका!”

दुसरं बाक माझ्या डोक्याशेजारी चौकटीत घुसलं. कपाळ फाटलं, डोळ्यांत रक्त. आणि माझ्या तोंडून आलं, “मेन पाड!” पाडायला होतं कोण? मीच व्हरांड्यातल्या मेनकडे धावलो आणि दांडा खाली ओढला. आता लिहितानाही लाज वाटते... बाकं काय विजेवर चालतात?

पण थांबलं. हवेतलं बाक सरळ खाली पडलं.

मी आत शिरलो. टेबल एका पडलेल्या बाकाखाली अडकलेलं. पोरीला बखोटीला धरून ओढत होतो. इकडे मेन पडल्यानं खाली माईक बंद झालेला. देवाभाऊंना विजेचं काम येतं, तेच बघायला वर आले. दांडा खाली दिसला, त्यांनी वर केला.

दोन बाकं मनीषाच्या हातावर दोन्हीकडून येऊन आदळली. ऊस मोडावा तसा आवाज झाला. मी तिच्यावर पालथा पडलो. पाठीवर एक दणका बसला, दुसरा बसला, श्वासच निघेना. कसातरी ओरडलो, “मेन पाड!”

देवाभाऊंना आत काय चाललंय ते ठाऊक नव्हतं. पण लूमचा माणूस. विचारलं नाही, पाडलं.

एकदम शांत.

ते आत आले. पोरगी रक्तात, वर मी. त्यांनी माझी कॉलर धरून तोंडावर दोन बुक्क्या ठेवून दिल्या. “काय करं तू मनी पोरले?”

“पप्पा, काकाले नका मारू! बाकं मारी ऱ्हायनात!”

देवाभाऊंनी वर पाहिलं. एका बाकाचा लोखंडी पाय भिंतीत वीतभर रुतून बाक तसंच लटकत होतं. त्यांची मूठ सैल झाली.

सिस्टर धावत आल्या. पोरीचा हात स्वतःच्या रुमालात बांधला. लोकांना सांगितलं, “रचलेली बाकं कोसळली.” मला हळूच म्हणाल्या, “मी खालून सगळं ऐकलंय. नोकरीची काळजी करू नकोस.” मी तिथंच रडलो.

संध्याकाळी वायरमन आला. वर्ग बघून त्यानं कपाळाला हात लावला. “सिस्टर, इस रूम की लाइन तो मैंने कल ही काट दी थी, रंगवाले के लिए. मेन से इसका कुछ लेना-देना ही नहीं.” तोडलेली वायर, वर गुंडाळलेली टेप, सगळं त्यानं दाखवलं.

मनीषा पास झाली होती. पुढे शिकलीही, पण हात वाकडाच जुळला. तिला विचारलं तर ती म्हणते, मला आवाजच तेवढा आठवतो.

देवाभाऊ आता थकलेत. माझ्याकडे येतात, चहा घेतात, आणि दर वेळी तेच. “सुका, खरं सांग. मेन मी वर कया म्हनीसन तिना हात मोडना का?”

“नाही भाऊ. वायर तोडलेली होती. तुमच्या हातून काही झालं नाही.”

त्यांचा चेहरा जरा मोकळा होतो. कप खाली ठेवतात. मग मान वर करतात.

“मंग पाडावर बंद कसं पडनं?”

वायरीचं खरं मानलं तर हा बाप सुटतो, पण बाकं कशानं थांबली ते सांगता येत नाही. मेनचं खरं मानलं, तर लेकीचा हात त्यांनीच मोडला असं होतं. इतकी वर्षं झाली, दोन्ही जुळेल असं उत्तर मला मिळालेलं नाही. तुमच्यात कुणाकडे असेल तर जरूर लिहा... पण त्यातून देवाभाऊ सुटले पाहिजेत.