सामाईक विहीर आणि व्हर्च्युअल मशीन

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा उन्हाळा. मी मुंबईत कॉम्प्युटर शिकत होतो आणि परीक्षेचं पुस्तक घेऊन कर्जतजवळच्या आमच्या मळ्यात आलो होतो. व्हर्च्युअल मशीनचं प्रकरण वाचत होतो. खरं मशीन एकच, कंट्रोल प्रोग्रॅम ते सगळ्यांना पाळीपाळीनं देतो आणि प्रत्येकाला वाटतं, अख्खं मशीन आपलंच आहे.

तेवढ्यात विहिरीवर आरडाओरडा झाला. पाण्याची पाळी संपली तरी धाकटे काका इंजिन बंद करत नव्हते आणि मधले काका खोरं उगारून उभे होते. मला नको तिथं शहाणपण सुचलं.

"काका, विहीर सामाईक आहे. ती आपली एकट्याची आहे असं तुम्हाला नुसतं वाटतं."

"वाटतं म्हंजी? माझीच हाय ती!" दोघंही एकदम ओरडले. खोरं माझ्याकडं वळलं.

पाळ्या लावायचं काम माझ्या वडिलांचं. ते आले आणि त्यांनी इंजिन बंद केलं. दोघे काका धुसफुसत पांगले.

"मी काय खोटं बोललो?" मी चिडून वडिलांना विचारलं.

"न्हाई. पन पाळी लावनाऱ्यानं ह्ये त्यांना कदी कळू द्यायचं नसतं."

पुस्तकाच्या पुढच्याच पानावर हेच लिहिलं होतं. मी तिथवर पोचलो नव्हतो.