लोहाराचं पाणी

वाळवंटातल्या ज़ुआर गावच्या लोकांना वर्दुगू लोहाराच्या कट्यारीशिवाय घराबाहेर पाऊल टाकवत नसे, पण त्याच्या ताटात जेवायचं म्हटलं की सारे मागं सरायचे. लोहाराला मुलगी द्यायची नाही, त्याच्याशी भांडायचं नाही, त्याला मारणं तर नामुष्कीच. साठी उलटली तरी वर्दुगूला त्याची चीड होती. माणसाला मारण्याच्याही लायकीचं समजू नये म्हणजे काय!

थंडीच्या सुरुवातीला गावातली विधवा आश्ता त्याच्या भट्टीवर आली. विहिरीवर पाणी भरण्याच्या पाळीवरून भांडून तिच्या नवऱ्याला ठार मारून पळालेला सुगी परत आल्याची कुणकुण गावभर होती. तिनं नवऱ्याची कट्यार पुढे टाकली.

"पातं नवं घाल. आणि कट्यार बांधायचा हा चामड्याचा पट्टा माझ्या डाव्या मनगटाला बसेल असा आवळ."

"बाई, तुमच्या पोरीकडे बघा. रक्ताला रक्त लागलं की थांबत नाही."

"लोहारा, तुला सल्ला विचारला का मी?"

वर्दुगूनं कट्यार उचलून घेतली. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचं लोखंड त्यानं मनापासून घडवलं आणि मग तापलेल्या पात्याला जाणूनबुजून पाणी जास्त दिलं. पातं कडक झालं, काचेसारखं ठिसूळ. पहिल्याच घावाला तुटेल, बाईच्या हातून खून होणार नाही, असा त्याचा हिशोब. त्या दिवशी तो स्वतःवर भलताच खूश होता.

पण सुगीनं वाट पाहिली नाही. तो स्वतःच तिच्या चटयांनी बांधलेल्या घरात शिरला. आश्तानं पोरीला मागं लोटून कट्यार उपसली, वार केला, आणि पातं तुटलं. शेजारी धावून येईपर्यंत सुगीनं तिचा डावा हात कोपराखाली तोडला होता. तो पुन्हा डोंगरात पळाला.

दोन महिन्यांनी ती आली. तुटकी कट्यार तिनं त्याच्या मांडीवर ठेवली.

"तुझं लोखंड फितूर निघालं."

"लोखंड नाही, बाई. मी." त्यानं सगळं सांगून टाकलं. मग मान खाली घालून बसला. मार बसावा, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटत होतं.



"लोहारावर हात टाकायचा नसतो," आश्ता म्हणाली. "नाहीतर एक हात अजून शिल्लक आहे माझा."

वर्दुगू रडू लागला. तिनं डोळे पुसायलाही सांगितलं नाही.

"आता मनगटाला नको. कमरेला बांधता येईल असं कर," ती म्हणाली. "आणि या खेपेला पाणी नीट दे."