जायफळ कोण उगाळत होतं?

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी आजही उठून स्वयंपाकघरात जाते. मला ते पटतच नाही. तरीही हे लिहितेय, कारण आता नव्वदीला आले... आणखी कधी सांगणार?

पन्नासच्या दशकातली गोष्ट. कासारवाडी स्टेशनामागे आमच्या दोन खोल्या होत्या. हे पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात होते. थोरला दोन महिन्यांचा होता. मला झोप नाही, सारखी धडधड, रडू, आणि बाळाबद्दल काही म्हणजे काही वाटायचं नाही. आता डिप्रेशन म्हणतात. तेव्हा शेजारणी म्हणायच्या, बाहेरचं लागलंय.

साताऱ्याकडून माझ्या सासूबाई आल्या होत्या. बाळगुटी त्याच उगाळायच्या. त्यात जायफळाचे फक्त दोन वेढे द्यायचे, जास्त झालं तर मूल गुंगतं. आणि बाळ तर दिवसभर गुंगलेलं! मला खात्रीच पटली, ही बाई माझं मूल मारणार. मी जायफळ माझ्या ट्रंकेत कुलपात ठेवलं, किल्ली पदराला बांधली. कुणाला बोलले नाही. आठवडा झाला तरी बाळाची गुंगी काही उतरेना.

गुरुवारी दुपारी सासूबाई बाळाशेजारी झोपल्या होत्या; त्यांना न उठवता हे मला डॉक्टरांकडे घेऊन गेले. परतलो तर बाळ हाका मारूनही डोळे उघडेना. ट्रंकेचं कुलूप जसंच्या तसं... पण आत जायफळ ओलं, एका बाजूनं ताजं झिजलेलं!

"आत्याबाई, तुम्हीच देताय ना त्याला जायफळ?" मी किंचाळले.

"म्या? आठ दिस झालं, सहाणीला हात न्हाई लावला. तूच उगाळतीस की रोज दुपारी! आज तर बाळाकडं बघून हसत व्हतीस. बरं वाटलं बघ मला."

"आई, ही दुपारभर माझ्याजवळ होती," हे म्हणाले.

सासूबाईंनी बाळाच्या डोक्यावर हात ठेवला. "ह्याची शपथ, म्या डोळ्यांनी बघितलं."

रात्री बाळ रडलं तेव्हा आमच्या जिवात जीव आला. जायफळ ह्यांनी पवनेत फेकलं. पुढे वर्षभरात मी सावरले.

सासूबाई खोटं बोलल्या? त्यांनी बाळाची शपथ घेतली होती. मग आठ दिवस उगाळणारी मीच होते का? असेनही... मला आठवत नाही. पण त्या गुरुवारी मी घरात नव्हते, आणि तोवर माझ्या बाळाकडे बघून मी एकदाही हसले नव्हते.