न उघडणारा रिपोर्ट
कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास आला की मला जयपूरच्या झालाना भागातलं ऑफिस आठवतं. माझी ती पहिलीच नोकरी. आम्ही डोळ्यांच्या एका दवाखान्यासाठी सॉफ्टवेअर केलं होतं. एका सकाळी तिथून फोन आला, की मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी एक आजोबा तयार बसलेत, पण त्यांच्या लेन्सच्या मापाचा रिपोर्ट त्यांच्या नावाखाली उघडतच नाही आणि मापाशिवाय डॉक्टर हात लावणार नाहीत. मी पेशंटची आणि रिपोर्टची, अशा दोन्ही नोंदी काढल्या. पेशंटचा नंबर दोन्हीकडे सारखाच होता. "मॅडम, जोडणी तर बरोबर आहे," मी म्हणालो. आमच्या प्रमुख नागपूरच्या होत्या. "तुला सारखा दिसून राहिला रे, पण डेटाबेसला विचारलं का, तो आकडा आहे की टेक्स्ट?" कॉलेजात शिकलेल्या डेटाबेसमध्ये रकान्याचा प्रकार आधीच ठरलेला असे, इथे मात्र प्रत्येक नोंद आपला प्रकार स्वतःजवळच ठेवत होती. मी तपासलं. पेशंटच्या नोंदीत आकडा होता आणि हाताने भरलेल्या रिपोर्टात तोच नंबर टेक्स्ट, म्हणजे नुसती अक्षरं म्हणून होता, त्यामुळे दोघांची गाठच पडत नव्हती. मी रिपोर्टातला प्रकार बदलला आणि फोनवर आवाज आला, "आ गया जी, आ गया!" संध्याकाळी मी गावी वडिलांना फोन करून हे सगळं मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "मग त्या बाबाला दिसाया लागलं का?" दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात फोन केला. पट्टी निघाली होती, दिसत होतं. आज मी मोठमोठी कामं पाहतो, पण काम झालं असं कुणी सांगितलं की माझ्या तोंडी आधी वडिलांचाच प्रश्न येतो.