घाटात विसरलेलं बटण
गाडीच्या इंजिनातल्या कूलंटचा गोडसर वास आला की कळवणहून नाशिकला निघालेली ती दुपार आठवते. टर्बो गाडी आणखी पळावी म्हणून मी इंजिन थंड ठेवणारा, पण त्याचीच ताकद खाणारा मूळ पंखा काढून विजेचे पंखे बसवले होते. "आपोआप चालू होणारे करू का?" मेकॅनिकने विचारलं, तर मी म्हणालो, "नुसतं बटण दे, मला कळतं." त्या दुपारी वडिलांच्या छातीत कळा येत होत्या, घाबरून मी गाडी दामटली आणि बटण दाबायचंच विसरलो. घाटात बॉनेटमधून वाफ उसळली, गाडी बंद पडली. टोमॅटोची एक पिकअप थांबली, तर घामाने निथळणारे वडील चढायच्या आधी ड्रायव्हरला विचारतात, "दादा, पंखा कंपनीचाच आहे ना?" त्यातून ते वाचले आणि पुढे आल्यागेल्याला हे हसत सांगत राहिले. आता ते नाहीत, म्हणून मीच सांगतो.