शेंदरी पाठीचा किडा

तंजावरला आमच्या रस्त्याच्या टोकाशी झाडांच्या औषधांचं दुकान आहे. तिथले काका गिऱ्हाइकानं काडेपेटीतून आणलेला किडा बघण्याआधी फळीवर कोणत्या बाटल्या उरल्यात ते बघतात आणि मग किड्याचं इंग्रजी नाव सांगतात. आमच्या पेरूवरचा शेंदरी पाठीचा किडा त्यांनी असाच ओळखला. त्यांनी दिलेला फवारा लागू पडला, म्हणून चार पेरू घेऊन मी त्यांच्या घरी गेले.

परसात काका स्वतःच्या पेरूवरचे तसलेच किडे एकेक वेचून साबणाच्या पाण्यात टाकत होते. दुकानात ते तमिळच बोलतात, घरी मराठी.

"काका, नाव काय म्हणालात याचं?"

"कोण जाणे."

माझे पेरू त्यांनी हसून घेतले आणि लहान नातीचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवले.